रिम ब्रेक किंचाळतोय, मागचा लिव्हर हँडलला टेकतोय : नवीन चाकं घेऊ की आधी दुसरं काही बघू?

घणसोली_ते_येऊर :
नमस्कार मंडळी. ॲल्युमिनियम फ्रेमची रोडबाईक आहे, आठ स्पीड, ड्युअल पिव्हट रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दोन्हीकडून रबर दाबणारा), चाकं सायकलसोबत आलेलीच, टायर २५ एमएमचे. रविवारी विटावा-कळवा करत येऊर, मधल्या दिवशी ऑफिसच्या आधी पामबीच. पावसाळाभर चालवली आणि आता ब्रेकने पार डोकं उठवलंय. पुढचा दाबला की किंचाळतो, इतका की उपवनला चालायला आलेले लोक वळून बघतात, आणि येऊरवरून उतरताना धरून ठेवला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका हाताला लागतो. मागचा तर लागतोय की नाही तेच कळत नाही, लिव्हर जवळजवळ हँडलला टेकतो आणि सोडला की सावकाश परत येतो. दुकानात दाखवली तर म्हणाले चाकं जुनी झाली, नवीन सेट टाका, सगळं बंद होईल. ग्रुपमधला एक जण म्हणतो टाकतोयस तर कार्बनच टाक. बजेट वीस-पंचवीस हजार, माझं वजन ८४. नवीन चाकांची हौस आहेच, पण एवढे पैसे घालून ब्रेक तसाच राहिला तर काय करायचं?

माजिवडा_मॉर्निंग :
डिस्क ब्रेकवाली घ्या सरळ. यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) २०१८ मध्येच रोड रेसला डिस्कची पूर्ण परवानगी दिली, आता रिमवाल्या नवीन सायकली येतातच किती?

उपवन_पहाटे :
माजिवडा, त्यांनी सायकल बदलू का असं विचारलेलंच नाहीये हो. आणि २०२० चा तूर द फ्रान्स पोगाचारने रिम ब्रेकवर जिंकला, म्हणजे नीट लावलेला रिम ब्रेक येऊरच्या उताराला कमी पडेल हे मला तरी पटत नाही.

घणसोली, तुमच्या तक्रारी एका जागच्या नाहीत आणि सगळ्याचं खापर चाकांवर फोडणं चुकीचं आहे. मागच्या ब्रेकपासून सुरू करा. लिव्हर लांब जातो आणि सावकाश परत येतो म्हटलं की नव्वद टक्के केबल आणि आउटर (केबलवरचं आवरण). मागची केबल टॉप ट्यूबखालून लांब जाते, पावसाचं पाणी आउटरच्या तोंडातून आत जातं आणि तिथेच बसतं, वर आपली खाडीची हवा, आतल्या लायनरमध्ये गंज आणि मातीचा चिखल होऊन बसतो. ओळखायचं कसं, तर कॅलिपरचा (रिमला दोन्हीकडून धरणारे ब्रेकचे हात) पकडबोल्ट सैल करून केबल सोडा आणि हाताने पुढेमागे सरकवून बघा. खरखर लागली, अडकली, की बदला. नुसतं तेल सोडून दोन आठवडे बरं वाटतं, मग तेलाला माती चिकटते आणि आधीपेक्षा वाईट होतं. त्याच वेळी कॅलिपर हाताने दाबून सोडा, तो टणकन उघडला तर स्प्रिंग ठीक आहे, नाही उघडला तर पिव्हट साफ करून एक थेंब तेल.

केबल १.६ एमएमची आणि आउटर ब्रेकचाच, ५ एमएमचा गुंडाळीवाला. गियरचा ४ एमएमचा आउटर ब्रेकला कुणी टाकून दिला तर घेऊ नका, त्यातल्या तारा लांबीला सरळ असतात, जोरात ब्रेक मारला की आउटर फाटून केबल बाहेर येऊ शकते आणि त्या क्षणी ब्रेक शून्य. हे अतिशय गंभीरपणे सांगतोय, कारण साध्या दुकानात हे दोन्ही आउटर एकाच खिळ्याला लटकत असतात.

आता किंचाळणं. पुढचं चाक काढा, ब्रेक शूचं रबर उजेडात धरा. रबरात बारीक चमचमणारे कण दिसतील, ते रिमचं ॲल्युमिनियम आहे, रबरात रुतलेलं. ते दाभणाने एकेक उकरून काढायचे, मग रबराचा वरचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरवर घासून काढायचा, रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची (चेनवर मारायचा स्प्रे रिमवर उडाला असेल तरी हेच). परत लावताना शूचं पुढचं टोक, म्हणजे चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेचं, रिमला आधी टेकलं पाहिजे आणि मागे अर्धा ते एक एमएम फट. मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्ड दुमडून धरायचं, लिव्हर दाबून ठेवायचा आणि शूचा बोल्ट ५ ते ७ एनएमला (न्यूटन-मीटर, आवळायच्या जोराचं माप) आवळायचा. आवाज ऐंशी टक्के इथेच मरतो.

ठोक्याचं मात्र चाक बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

सीवूड्स_स्पोक :
उपवनदादांना +१, आउटरबद्दल तर +१००.

ठोका प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी येतोय म्हणजे रिमची एक जागा बिघडलीय. ती जागा कुठली ते आधी शोधा. चाक हळूहळू फिरवत ब्रेक हलका धरा, जिथे अडेल तिथे चिकटपट्टी लावा. व्हॉल्वच्या बरोब्बर समोर आली तर तो रिमचा सांधा असतो बहुतेक, स्वस्त रिमा पिन घालून जोडलेल्या असतात आणि तिथे केसाएवढी पायरी राहते. दुसरीकडे कुठे आली तर खड्ड्याने रिमची भिंत बाहेर फुगलीय. ठाणे-बेलापूर रोडच्या पेव्हर ब्लॉकच्या कडा आणि पुलाचे जॉइंट २५ च्या टायरमध्ये हवा कमी असली की थेट रिमला लागतात. फुगलेली जागा स्पोक आवळून जात नाही, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढणारा कितीही चांगला असू दे, कारण चाक सरळ असतं, भिंतच वाकलेली असते. आणि एक, ठोका नसून पुढून कडकड हादरा येत असेल तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल आहे का बघा, पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे ढकलायची, हँडलखाली खटका लागला तर तो हेडसेट.

याहून महत्त्वाचं सांगते. पावसाळाभर चालवलीत म्हणजे रिम किती झिजलीय ते तपासा. बऱ्याच रिमवर ब्रेकच्या पट्ट्यात एक बारीक खाच किंवा खोलगट ठिपका असतो, तो पुसला गेला की रिमचं आयुष्य संपलं. तो नसेल तर स्टीलची पट्टी रिमच्या भिंतीवर उभी टेकवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारा. मध्ये उजेड दिसला म्हणजे भिंत आत खोलगट झालीय. भिंत १ एमएमच्या खाली गेली की ९० पीएसआयच्या दाबाने ती बाहेर उघडते, आणि उघडते ती नेमकी ब्रेक धरताना किंवा हवा भरल्यावर. उरण रोडचा कंटेनरचा चिखल, त्यात ॲल्युमिनियमची काळी भुकटी, ती रबर आणि रिमच्या मध्ये पॉलिश पेपरसारखी चालते. पावसातून आल्यावर रिम आणि शू साध्या पाण्याने धुतले तरी झीज खूप कमी होते. हे न करता लोक हजारोंची चाकं घेतात आणि दोन पावसाळ्यांत संपवतात, मला खरंच वाईट वाटतं.

घणसोली_ते_येऊर :
ताई, दादा, मनापासून आभार. कालची संध्याकाळ यातच गेली. मागची केबल सोडली तर बाहेरच निघेना, पक्कडीने ओढली, अर्धी तांबूस झालेली. शूमध्ये पुढे डाव्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा रुतलेला, त्याने रिमवर गोल रेघ पाडलीय. ठोक्याची जागा व्हॉल्वच्या समोर नाही, थोडी बाजूला आहे, बोट फिरवलं की उंचवटा लागतो. आणि खाच पुढच्या रिमवर अजून दिसते, मागच्या रिमवर नाही. पट्टी टेकवून टॉर्च मारला तर मागच्या रिममध्ये मध्यभागी स्पष्ट उजेड.

म्हणजे चाकं बदलावी लागणारच ना?

सीवूड्स_स्पोक :
हो. मागचं तर आजपासून चालवूच नका. पुढचं फुगलंय, तेही जाऊ दे. दुकानदाराचं उत्तर बरोबर निघालं, कारण मात्र त्याने न बघताच सांगितलं. आणि मागच्या लिव्हरचं दुखणं नवीन चाकाने गेलंच नसतं.

गायमुख_घाट :
चाकं घेताय तर हलकी घ्या म्हणजे येऊर चढायला पंख फुटतील असं जे सगळे सांगतात त्याचा हिशोब एकदा करा. तुम्ही ८४, सायकल, पाणी, बूट धरून ९५ किलो समजा. चाकांत ३०० ग्रॅम वाचले तर एकूण वजनाच्या ०.३ टक्के. दहा मिनिटांच्या चढाला दोन सेकंद. बास. वजन चाकाच्या कडेला असतं म्हणून वेग घेताना थोडं चपळ वाटतं, पण एकसारख्या चढाला किलो म्हणजे किलोच. त्यापेक्षा सायकलसोबत आलेले तारवाले टायर काढून चांगले मऊ रबराचे टायर टाका, दोन्ही मिळून दहा-पंधरा वॉट सहज वाचतात, ते पामबीचला समोरून वारा असताना पायाला कळतं. पैशाची वाटणी करताना टायर-ट्यूबसाठी वेगळे ठेवा, सगळे चाकांत घालू नका.

ऐरोली_खाडी :
मीही याच विचारात आहे म्हणून विचारतो. आठ स्पीडच्या सायकलला अकरा स्पीडची चाकं बसतात का? आणि १७सी, १९सी हे नक्की काय असतं?

सीवूड्स_स्पोक :
बसतात. आधी तुमच्या मागच्या चाकाला कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा गियरच्या चकत्यांचा संच) आहे की आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील ते बघा. शिमानोच्या आठ स्पीडच्या क्लॅरिसला कॅसेट असते, सात स्पीडच्या स्वस्त सायकलींना बऱ्याचदा फ्रीव्हील असतं आणि मग जुना गियर नवीन हबवर जात नाही. शिमानोच्या अकरा स्पीड रोड हबची बॉडी (कॅसेट बसते तो भाग) ८-९-१० स्पीडपेक्षा १.८५ एमएम लांब असते, तेवढ्या जाडीचा स्पेसर आधी घालायचा, मग कॅसेट. हा स्पेसर चाकासोबत पिशवीत येतो, दुकानात टाकून देतात, मागून घ्या. स्पेसर विसरला तर लॉकरिंग पूर्ण आवळलं तरी कॅसेट खुळखुळते. कॅम्पाग्नोलोची चाकं घेताना बॉडी शिमानोची आहे ना ते विचारा.

मागच्या एक्सलचं माप १३० एमएम पाहिजे, पुढे १००. ऑनलाईन सेकंडहँड बघताना १३५ आणि १४२ ची डिस्कची चाकं स्वस्त दिसतात, त्यांना ब्रेकचा पट्टाच नसतो, त्या वाटेला जाऊ नका.

१७सी म्हणजे रिमची आतली रुंदी १७ एमएम. रिमवर ६२२×१७ असं लिहिलेलं असतं. जुन्या सायकलींना १५सी, बाहेरून २० च्या आसपास. नवीन १७-१८सीच्या रिमा बाहेरून २२-२३. यावर तुमचा २५ चा टायर फुगून २६-२७ होतो, म्हणजे कॅलिपरखाली आणि फ्रेममध्ये जागा आहे का ते आधी मोजा, टायर आणि कॅलिपरमध्ये निदान ४ एमएम मोकळे राहिले पाहिजेत. टायर रुंद बसला की हवा थोडी कमी चालते, खराब रस्त्याला तेच सुख.

घणसोली_ते_येऊर :
आणि कार्बन?

उपवन_पहाटे :
कार्बनचा ब्रेकपट्टा असलेली चाकं तुमच्या वापराला घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. कार्बन उष्णता बाहेर टाकत नाही, ॲल्युमिनियम टाकतं. जुन्या हायवेने खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना ८४ किलोचा माणूस ब्रेक धरून बसला तर रिममधलं रेझिन मऊ पडून भिंत वाकते. चांगल्या कंपन्यांचं रेझिन जास्त तापमान सोसतं पण ती चाकं तुमच्या बजेटमध्ये येत नाहीत, येतात ती नाव नसलेली. ओल्या रिमवर तर ॲल्युमिनियमपेक्षाही उशिरा पकडतात, आपल्याकडे चार महिने पाऊस. शू कार्बनचेच लावावे लागतात, ॲल्युमिनियमवर वापरलेले शू कार्बनला लावले तर आतले धातूचे कण रिम खरवडतात. कार्बनच्या खोल (उंच भिंतीच्या) रिमचा फायदा पामबीचसारख्या सरळ सपाट रस्त्याला आहे, नाही असं नाही, पण नेरुळच्या बाजूला खाडीचा आडवा वारा आला की पुढचं चाक ढकललं जातं तेही आहे.

पारसिक_वारा :
उशिरा आलो. माझं मत फॅक्टरी सेटपेक्षा बांधून घेतलेली चाकं. फॅक्टरीची वाईट आहेत असं नाही, शिमानोचं आरएस१०० जोडी मिळून १.९ किलोच्या आसपास, दणकट आहे, सगळीकडे मिळतं. कॅम्पाग्नोलोचं झोंडा सुंदर चाक आहे, १५४० ग्रॅम, पण त्यात पुढे १६ आणि मागे २१ स्पोक. प्रश्न असा की घोडबंदरला एक स्पोक तुटला तर काय? १६-२० स्पोकच्या चाकात एक गेला की रिम इतकी आउट होते की शूमधून फिरतच नाही, कॅलिपरचा छोटा लिव्हर उघडून, दुसऱ्या चाकाच्या एकाच ब्रेकवर कसंबसं घर गाठायचं. आणि खास मापाचा स्पोक ठाण्यात मिळेल याची खात्री नाही. ३२ किंवा २८ भोकांची साधी रिम, उदाहरणार्थ डीटी स्विसची आर४६०, आतून १८ बाहेरून २३, साधे गोल स्पोक, छर्रेवाला शिमानोचा हब, हे कुठलाही मन लावून काम करणारा मिस्त्री दुरुस्त करू शकतो. रिम झिजली की हब तोच ठेवून फक्त रिम आणि स्पोक बदलायचे. रिम ब्रेकमध्ये रिम हा झिजणाराच भाग आहे, शू झिजतो तसा, हे मनात ठेवून चाक निवडा एवढंच सांगणं. शिवाय शिमानोच्या १०५ चा बारा स्पीड ग्रुप (गियर-ब्रेकचा संच) २०२२ मध्ये आला तो फक्त डिस्कचा, हळूहळू रिमची तयार चाकं कमी होणार, सुट्या रिमा मात्र बराच काळ मिळतील.

बांधणाऱ्याकडे उभं राहून एक बघा, स्पोक आवळून झाल्यावर तो जोडीने हातात धरून दाबतो का. दाबत नसेल तर पहिल्याच राईडला टिणटिण आवाज येतात आणि आठवड्यात आउट येतो.

कळवा_ब्रिज :
वाखु (वाचनखूण) साठवली. आउट काढायचा चांगला माणूस ठाणे स्टेशनच्या बाजूला कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घणसोली_ते_येऊर :
अपडेट देतो. चाकं बांधून घेतली, पुढे २८ मागे ३२, रिम बाहेरून २३ ची. टायरही बदलले, गायमुख यांचं ऐकून. मागे नवीन केबल आणि आउटर, लिव्हर आता दोन बोटांनी दाबला जातो आणि सोडला की खटकन परत येतो, फरक इतका आहे की पहिल्यांदा ब्रेक मारला तेव्हा मागचं चाक घसरलं.

एक अडचण राहिलीय. रिम रुंद झाल्यामुळे शू दोन्हीकडे घासत होते, बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करायची फिरकी) पूर्ण आत फिरवला तरी जागा नाही. केबल सैल करून जागा केली तर आता डाव्या शूची वरची कड टायरच्या अगदी जवळ दिसते, आणि पुढे एका बाजूचा शू आधी लागतो. जुन्या चाकावर असं नव्हतं.

उपवन_पहाटे :
थांबा, तसंच चालवू नका. शू टायरला लागला तर टायरची बाजू कापली जाते आणि टायर एकदम फुटतो. रुंद रिमवर कॅलिपरचे हात जास्त उघडे राहतात, त्यामुळे शू ज्या उंचीवर आणि कोनात टेकत होता तो बदलतो, म्हणून रुंदी बदलली की शू सुरुवातीपासून लावायचे असतात. क्रम असा ठेवा. सायकल जमिनीवर उभी करून चाकाचा क्विक रिलीज उघडा, हँडलवर वजन टाका, मग बंद करा, म्हणजे चाक फोर्कमध्ये पूर्ण बसेल. एका बाजूचा शू आधी लागण्याचं निम्मं कारण तिरकं बसलेलं चाक असतं. तरीही राहिलं तर कॅलिपरच्या मागचा बोल्ट थोडा सैल करून लिव्हर दाबून धरा आणि तसाच ८ ते १० एनएमला आवळा, उरलेलं बाजूच्या बारीक स्क्रूने. बॅरल पूर्ण आत घालून एक-दोन फेरे बाहेर काढा, रबर झिजेल तसा पुढे तोच फिरवायचाय. शू दोन्हीकडे रिमपासून दीड-दोन एमएम ठेवून केबल ओढा आणि ६ ते ८ एनएम. सगळ्यात शेवटी शूची उंची, वरची कड रिमच्या वरच्या कडेपासून निदान १ एमएम खाली, आणि खाली रिमच्या बाहेरही लोंबता कामा नये.

कार्ट्रिजवाले शू (होल्डरमध्ये रबर सरकवून बसवायचे) टाकले असतील तर होल्डरचं बंद टोक पुढे आहे ना ते बघा. उलटं बसलं तर ब्रेक मारताना रबर सरकून निघून जातं.

माजिवडा_मॉर्निंग :
वाचून माझी जुनी रिमवाली बाल्कनीतून खाली काढली. कॅलिपर बदलावा म्हणतो, १०५ चा मिळतोय चांगल्या स्थितीत. माझे लिव्हर खूप जुने आहेत, नऊ स्पीडचे, २००५ च्या आसपासचे. चालेल?

सीवूड्स_स्पोक :
नवीन १०५ चा नको. शिमानोने २००८ च्या ड्युरा-एस ७९०० ग्रुपपासून लिव्हर किती केबल ओढतो ते वाढवलं आणि कॅलिपरही त्याप्रमाणे केले. तुमचा जुना लिव्हर कमी केबल ओढतो, नवीन कॅलिपर लावला तर शू कमी सरकतील, पकड जोरदार बसेल पण लिव्हर खूप आत जाईल, तेच दुखणं ज्याने हा धागा सुरू झाला. त्याच काळातला कॅलिपर शोधा किंवा आहे तोच उघडून साफ करा. त्याआधी केबल बदला. आउटर कापताना कटर धारदार पाहिजे, कापल्यावर तोंड कानशीने सपाट करायचं आणि आतला लायनर चेपला असेल तर दाभण घालून गोल उघडायचा, मगच टोपी चढवायची. तोंड तिरकं राहिलं तर लिव्हर दाबताना आउटर दबत राहतो आणि कितीही महागडा कॅलिपर घेतला तरी ब्रेक स्पंजसारखाच लागतो.

घणसोली_ते_येऊर :
झालं, शू लावले. आवाज नाही, ठोका नाही. माजिवडा, माझ्याकडे ५ एमएमचा आउटर दीडेक मीटर उरलाय आणि कटरही आहे, रविवारी येऊरच्या पायथ्याला या, तिथेच लावून देतो.